गळ्यात अडकवायचं सोनोग्राफी मशीन, ६.५ मेगाहर्ट्झ रेक्टल प्रोबसह: गोठ्यात किती चालतं?

आधी निकाल सांगून टाकू. गाय-म्हैस गाभण आहे का, आणि नसेल तर अंडाशयावर काय चाललंय, या दोन प्रश्नांसाठी हे मशीन उत्तम. माहितीपत्रकात घोड्याच्या पायापासून जनावराच्या जाळीपोटापर्यंत (पोटाच्या जाळीदार कप्प्यापर्यंत) जे छापलेलं असतं, त्यातलं बरंचसं या एका प्रोबवर, म्हणजे गुदद्वारातून आत घालायच्या, आवाजाच्या लाटा सोडणाऱ्या दांड्यावर, होत नाही. पडदा केवढा, मेमरी किती यावर भाव करत बसू नये. पैसे प्रोबचे असतात.

मशीनचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच घडणीचं यंत्र चार-पाच नावांच्या स्टिकरखाली विकलं जातं, त्यामुळे नावापेक्षा घडण ओळखता आलेली बरी. पट्ट्याने गळ्यात अडकवायचा छोटा पडदा, त्याला केबलने जोडलेला सरळ म्हणजे लिनिअर प्रोब, मूळ फ्रिक्वेन्सी ६.५ मेगाहर्ट्झ आणि बटणाने ५ ते ७.५ पर्यंत फिरणारी, काढता-घालता येणारी लिथियम बॅटरी, चित्रं उतरवून घ्यायला यूएसबी. बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीपासून अथणी-रायबागपर्यंत आणि इकडे खानापूरच्या डोंगरी गावांत मोटारसायकलवर फिरणाऱ्या पशुवैद्याला याहून जड यंत्र परवडत नाही, आणि याहून हलकं घेतलं तर चित्र परवडत नाही.

फ्रिक्वेन्सीचं गणित सोपं आहे, तरी विकत घेताना हमखास विसरलं जातं. फ्रिक्वेन्सी वाढवली की चित्र बारीक दिसतं पण लाट खोल जात नाही; कमी केली की खोल जाते पण बारकावा जातो. अंडाशय आणि ३०-४० दिवसांचा गर्भ प्रोबपासून काही सेंटीमीटरवरच असतो, तिथे ७.५ ठेवा आणि खोली ८ ते १० सेंटीमीटर. तीन महिन्यांच्या पुढची गाभण म्हैस असेल तर ५ वर आणा, खोली १२ ते १५ करा. खोली कायम १५ वर ठेवून ‘चित्र लहान येतं’ अशी तक्रार करणारे बरेच भेटतात. तो दोष मशीनचा नव्हे.

गेनची, म्हणजे परत आलेली लाट पडद्यावर किती उजळ दाखवायची त्याची, घडी बसवायला वेगळं काही लागत नाही, जनावराचं मूत्राशय पुरतं. प्रोब आत गेला की मूत्राशय पहिल्यांदा दिसतं. लघवी निव्वळ पाणी, तेव्हा ती पडद्यावर काळीकुट्ट दिसली पाहिजे. तिच्यात राखाडी धुकं दिसत असेल तर गेन जास्त आहे. भोवतालची भिंतही काळी पडत असेल तर कमी आहे. वरचा भाग उजळ आणि खालचा अंधारा असेल तर टीजीसीचे (खोलीप्रमाणे उजेड ठरवणाऱ्या कळीचे) खालचे टप्पे थोडे वाढवा. दर जनावराला हे करायची गरज नाही, गोठ्याच्या सुरुवातीला एकदा पुरे. मात्र हेच मूत्राशय नवख्या माणसाचा पहिला घातही करतं. मोठी काळी पोकळी दिसली की ‘गाभण’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. म्हणून गर्भाशयाच्या मुखापासून सुरुवात करून त्याच्या शिंगांकडे (दोन फाट्यांकडे) जायचं, आणि काळ्या पाण्यात गर्भ दिसल्याशिवाय शब्द द्यायचा नाही.

चित्र खराब येण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हवा असते. आवाजाची लाट हवेतून पुढे सरकत नाही. आतडं नीट रिकामं केलं नाही, शेणाचा गोळा मध्ये राहिला किंवा हातमोज्यात बुडबुडा अडकला, की पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा एकाखाली एक उतरतात आणि बाकी अंधार. उपाय असा: लांब प्लास्टिक हातमोज्याच्या टोकात दोन चमचे जेल घालायचं, प्रोब त्यात बसवायचा, बोटाने बुडबुडा मागे ढकलायचा, मग मनगटाजवळ सैल गाठ. बाहेरून पातळ पॅराफिन. शेण काढताना हात सारखा आत-बाहेर केला तर हवा आणखी शिरते आणि जनावर कळा देऊ लागतं. एकदाच हात घालून, तळहाताने कडेकडेने ओढत शेण काढायचं. जनावर जोर देत असेल तर प्रोब रेटू नये. थांबावं, ती कळ जाऊ द्यावी. म्हशीचं आतडं नाजूक असतं, आणि घाईने झालेली इजा पडद्यावर दिसत नाही.

आता रेतनापासूनच्या दिवसांचा हिशोब, कारण मशीनची खरी किंमत तिथेच वसूल होते. हाताने तपासून खात्रीने सांगायला सरावलेल्या माणसालाही साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. या मशीनवर गाईत २८ ते ३० दिवसांना सांगता येतं, म्हशीत ३० ते ३५ धरा. गर्भाशयात पाणी त्याआधीही दिसतं, पण नुसत्या पाण्यावर निकाल द्यायचा नसतो. माजावर आलेल्या गाईच्या गर्भाशयातही थोडं पाणी असतं, आणि २१ व्या दिवशी गाय माजावर असण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी अंडाशयाकडे जा. तिथे ठळक पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारा गोळा) नसेल, एक मोठं काळं फॉलिकल (बीजाची पाण्याने भरलेली पिशवी) असेल आणि शिंगं ताठ लागत असतील तर ते माजाचं पाणी.

३० व्या दिवशी गर्भ साधारण १ सेंटीमीटर, पाण्यात तांदळाच्या दाण्यासारखा. त्याच्या मधोमध लुकलुकणारा ठिपका म्हणजे हृदय, मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके. पडदा गोठवायच्या आधी हा ठिपका बघायचा. गोठवल्यावर तो दिसत नाही, आणि मेलेला गर्भही जिवंतासारखाच दिसतो. ४० व्या दिवशी लांबी २ सेंटीमीटरच्या आसपास, भोवती पातळ पडदा वेगळा कळतो आणि भिंतीवर जारेच्या गाठी उठू लागतात. पन्नाशी ओलांडली की हालचाल सहज दिसते. ६० व्या दिवशी ६ ते ७ सेंटीमीटर, तेव्हा गर्भ एका फ्रेममध्ये जेमतेम मावतो. नव्वद दिवसांनंतर गर्भाशय पोटात खाली उतरतं. तेव्हा गर्भ शोधत हात दमवण्यापेक्षा जारेच्या गाठी आणि पाण्यातले तरंगते कण पाहून काम भागवावं.

गोठ्यात दुसरा प्रश्न ठरलेला: ‘कालवड हाय का गोऱ्हा, सांगा की ओ डॉक्टर.’ जनावरांत ते सांगता येतं, पण खिडकी लहान आहे. साधारण ५५ ते ७० दिवस. दोन समांतर पांढऱ्या रेघांसारखा जननेंद्रियाचा उंचवटा नाळेच्या अगदी मागे दिसला तर नर, शेपटीखाली दिसला तर मादी. नाळ, मागचे पाय आणि शेपूट हे तिन्ही एकाच तपासणीत दिसल्याशिवाय बोलू नये. या मशीनवर ६.५ ला तो उंचवटा दिसतो, पण केबलला वळण असेल आणि प्रोब फिरवता येत नसेल तर नुसता अंदाज उरतो. अंदाज सांगायचा नसतो.

रिकामं निघालेलं जनावर हा या मशीनचा सगळ्यात उपयोगी निकाल. बहुतेक शेतकऱ्यांना ते पटत नाही, पण ‘गाभण आहे’ म्हटल्याने गोठ्यात काही बदलत नाही. ‘रिकामी आहे’ हे ३० व्या दिवशी कळलं तर पुढचा माज हातात येतो. म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर ओरडतही नाही, त्यामुळे ‘उलटली नाही म्हणजे गाभण’ हा हिशोब तिच्या बाबतीत फसतो. रिकाम्या जनावरात अंडाशय नीट पाहा. राखाडी, दाणेदार, २ ते ३ सेंटीमीटरचा गोळा म्हणजे पीतपिंड. त्याच्या मधे काळी पोकळी असू शकते, तिला गाठ म्हणू नका. २५ मिलिमीटरच्या वरचं काळं फुगलेलं फॉलिकल, तेही पीतपिंड नसताना आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहिलं तरी तसंच, तर गाठ. भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर ती पीतपिंडाच्या जातीची, पातळ असेल तर फॉलिकलच्या. दोन्हींचा उपचार वेगळा. आणि पीतपिंड दिसला म्हणून लगेच प्रोस्टाग्लँडिन टोचू नका. गाभण जनावरात पीतपिंड असतोच, ते इंजेक्शन त्याला विरघळवतं आणि गर्भ पडतो. रेतनाची तारीख पक्की नसेल आणि मनात तिळभर शंका असेल, तर ७ ते १० दिवसांनी पुन्हा तपासणी. शेतकऱ्याला फेरी जड वाटते, वासरू गेल्यावर तीच हलकी वाटते.

पू झालेलं गर्भाशयही इथेच पकडलं जातं. गाभणीचं पाणी काळंभोर. पुवाचं पाणी राखाडी आणि हात हलवला की त्यात पांढरे कण भोवऱ्यासारखे फिरतात. भिंत जाड, गर्भ नाही, पीतपिंड मात्र आहे. हाताला हे गर्भाशय दोन-अडीच महिन्यांच्या गाभणीसारखंच लागतं, म्हणून हाताच्या तपासणीत ते सहज निसटतं. ३० व्या दिवशी गाभण सांगितलेल्या जनावराची ६० व्या दिवशी दुसरी तपासणी ठेवाच. मधल्या काळात काही गर्भ विरघळतात, आणि दोष मशीनच्या माथी येतो.

तक्रारींपैकी पहिली बॅटरीची. माहितीपत्रकातले तास पडद्याची उजळणी कमी ठेवून मोजलेले असतात. उन्हात उजळणी पूर्ण ठेवली की ते बरेच घटतात, म्हणून दुसरी बॅटरी खरेदीतच घ्या. अथणीकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत बॅटरी ठेवू नका, लिथियमला उष्णता मारते. गावात वीज असली तरी मशीन चार्जरला लावून तपासणी करायची नाही. शेजारी कडबाकुट्टी किंवा विहिरीची मोटर सुरू झाली की पडद्यावर तिरक्या ठिपक्यांच्या ओळी धावू लागतात. ती मोटारीची वीज चार्जरवाटे चित्रात उतरते. प्लग काढला की चित्र स्वच्छ.

दुसरी तक्रार उजेडाची. पडद्यावर कापडी झापड येते, ती बांधा. किंवा जनावर गोठ्याच्या आत घ्या. डोळ्याला लावायचा चष्मा वेगळा मिळतो, त्यात चित्र छान दिसतं, पण पायाखालचं शेण आणि म्हशीची लाथ दिसत नाही. खोडा असेल तरच चष्मा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात वेगळाच त्रास: संध्याकाळी पेटी बंद केली की सकाळी पडद्याच्या काचेआड दमट वाफ. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्या दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरा. ओल्या हातमोज्यासकट प्रोब पेटीत टाकू नका, हे सांगायला नको, पण सांगतो.

प्रोब मरतो तो दोन ठिकाणी. केबल जिथे प्रोबच्या मानेत शिरते तिथे आतली तार तुटते, कारण केबल धरून प्रोब ओढला जातो किंवा मनगटाभोवती घट्ट गुंडाळला जातो. केबल मोठ्या वेटोळ्यात ठेवा, मानेपाशी सरळ. दुसरं ठिकाण म्हणजे समोरचं मऊ रबरी तोंड. खोड्याच्या पाइपवर आपटलं की आतले स्फटिक तडकतात. तडकलेल्या स्फटिकाखाली चित्रात वरपासून खालपर्यंत एक काळी उभी पट्टी दिसते, प्रोब हलवला तरी त्याच जागी. एखादी बारीक पट्टी चालून जाते. पट्टी मधोमध असेल तर मात्र लहान गर्भ तिच्याआड लपतो. स्वच्छतेला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड. स्पिरिटने ते रबर कडक होतं आणि सालपटतं. दोन जनावरांमध्ये हातमोजा बदलायचाच. गर्भ पाडणाऱ्या ब्रुसेला जंतूचं ओझं एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेणारा माणूस पशुवैद्य असू नये.

आता जे जमत नाही ते. म्हशीने तार गिळली, जाळीपोटाची तपासणी हवी: हा प्रोब बाजूला ठेवा. त्याला ३.५ मेगाहर्ट्झचा गोलाकार प्रोब लागतो, केस भादरून छातीच्या खालच्या बाजूने लावायचा. त्यातही जाळीपोटाचं आकुंचन, भोवतालचा पू आणि चिकटलेले पडदे दिसतात. खुद्द तार बहुतेक वेळा दिसत नाही, कारण मध्ये वायू असतो. तार पाहायला क्ष-किरणच. शेळी-मेंढीत मात्र हाच सरळ प्रोब ५ वर ठेवून मागच्या मांडीच्या आतल्या केस नसलेल्या जागी लावला तर ३५ ते ४० दिवसांनंतर काम भागतं. पिल्लं मोजायची असतील तर ४५ ते ९० दिवसांचा काळ बरा. शेळीत नुसतं पाणी भरलेलं, गर्भ आणि गाठी नसलेलं गर्भाशय दिसलं तर ती खोटी गाभण. सडाची वाट बंद झाली असेल तर ७.५ वर, सड कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवून पेल्याच्या बाहेरून प्रोब लावा. पेला पातळ प्लास्टिकचा हवा, स्टीलचा चालणार नाही.

एम.व्ही.एससी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करणाऱ्यांचा आणि पुढे शिकवण्याच्या वाटेला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. या भागातली मुलं बिदरच्या कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे जातात, त्याचं एक महाविद्यालय आता अथणी तालुक्यातच आहे. काही महाराष्ट्रात माफसूच्या (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) शिरवळ, परभणी किंवा मुंबईच्या महाविद्यालयात. साडेपाच वर्षांची पदवी, दोन वर्षांची पदव्युत्तर, मग पीएच.डी. युरोप-अमेरिकेत निदान-प्रतिमाशास्त्र ही स्वतंत्र शाखा आहे, रेसिडेन्सी करून बोर्डाची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे क्ष-किरण शस्त्रक्रियेच्या विभागात बसतं आणि गाभण तपासणीची सोनोग्राफी प्रजनन विभागात. म्हणजे ज्याला प्रतिमांमध्येच करिअर करायचं आहे त्याने विषय निवडतानाच ठरवायचं: पोट, छाती आणि हाडं की गर्भाशय. दोन्ही प्रोब एका विभागाच्या कपाटात क्वचितच सापडतात.

प्रबंधासाठी हे मशीन घेताय किंवा वापरताय, तर चित्र कसं साठतं ते आधी बघा. बऱ्याच स्वस्त आवृत्त्या पडद्याचा फोटो तेवढा साठवतात. त्यात मोजपट्टी नसेल तर नंतर लांबी मोजता येत नाही, आणि हलणाऱ्या हृदयाचा पुरावा उरत नाही. डायकॉम (मोजमापांसकट चित्र साठवण्याची वैद्यकीय पद्धत) हवं, निदान काही सेकंदांची फीत तरी हवी. फ्रिक्वेन्सी, खोली आणि गेन पहिल्या जनावराला ठरवून वहीत लिहा आणि शेवटच्या जनावरापर्यंत तीच ठेवा. गेन बदलून घेतलेल्या दोन चित्रांतला राखाडीपणा तोलता येत नाही. फाइलला कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक द्या. ‘पाटलांची काळी म्हस’ या नावाची तीन चित्रं एका आठवड्यात जमतात. मशीनमधली घड्याळाची छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि रेतनाच्या आधीच गर्भ दिसल्याची नोंद होते; दर आठवड्याला तारीख तपासा. वाचन दोघांनी, एकमेकांना न विचारता आणि रेतनाची तारीख न बघता करावं. तारीख माहीत असली की डोळा पाण्यात गर्भ शोधून काढतो.

क्ष-किरण यंत्राला लागतो तसा अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, शिशाचा एप्रन, टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) यातलं काही सोनोग्राफीला लागत नाही. दुसरा कायदा मात्र लागू शकतो. १९९४ चा गर्भलिंगनिदानाचा कायदा मानवी गर्भासाठी आहे, पण नोंदणी नसलेल्या केंद्राला किंवा व्यक्तीला सोनोग्राफी मशीन विकण्यावरही त्याचा निर्बंध आहे. ‘जनावरांचं आहे, काही लागत नाही’ असं विक्रेता सांगेल. ते त्याने लेटरहेडवर लिहून द्यावं, आणि तुम्ही पैसे देण्याआधी जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याला अर्ज करून लेखी उत्तर घ्यावं. ३.५ चा गोलाकार प्रोब सोबत घेत असाल तर हे टाळूच नका, तो माणसाच्या पोटावरही चालतो. सीमाभागात आणखी एक गुंता: सकाळी निपाणी आणि दुपारी कागल, सकाळी बेळगाव आणि दुपारी चंदगड असं फिरणाऱ्याचं मशीन दोन राज्यांच्या प्राधिकाऱ्यांच्या हद्दीत जातं. बेळगावचा कागद कोल्हापूर जिल्ह्यात पुरेल असं धरून चालू नका.

मशीन हातात घेताना दुकानात पाच मिनिटांची एक चाचणी करा. जेल न लावता मशीन सुरू करा, प्रोबच्या कोरड्या तोंडावर नाण्याची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू सरकवा. नाणं जिथे टेकलंय तिथे पडद्यावर पांढरी रेघ खाली उतरते आणि नाण्याबरोबर सरकते. जिथे रेघ तुटते तिथला स्फटिक मेलेला आहे. मग केबल मानेपाशी हलकी वाकवून बघा, चित्र लुकलुकलं तर तो प्रोब घेऊ नका. बिलावर मशीनच्या क्रमांकाबरोबर प्रोबचा क्रमांक वेगळा लिहून घ्या आणि वॉरंटी दोन्हींवर वेगवेगळी किती महिन्यांची ते विचारा. मशीनवर वर्षभर आणि प्रोबवर तीन महिने, अशी बारीक अक्षरं बिलाच्या मागे असतात.